ऑनलाइन खुशाल करा, पण खिडकी बंद करू नका

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या खान्देशात दिलं गेलं, हे नव्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. २९ सप्टेंबर २०१०, गाव टेंभली, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. टेंभलीच का, तर ज्या माणसाकडे धड कागद नाही, बँकेत खातं नाही, त्याला आधी ओळख मिळावी म्हणून. हेतू चांगलाच होता. तेव्हा आधार ऐच्छिक होतं, ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी एक दार जास्तीचं उघडलं, एवढाच त्याचा अर्थ. आता पंधरा वर्षं उलटून गेली आणि त्याच जिल्ह्यात धडगाव-मोलगीकडच्या म्हातारीचा अंगठा उठत नाही म्हणून तिला परत जावं लागतं, तेव्हा विचारावंसं वाटतं की दार तर जास्तीचं उघडलं होतं ना, मग बाकीची दारं कोणी आणि कधी लावून घेतली?

माझं म्हणणं साधं आहे. सेवा कुठलीही असो, सरकारची, बँकेची, गॅसची, ऑनलाइन करा, जरूर करा, पण ज्या गोष्टीवर माणसाचा हक्क आहे तिथे माणूस बसलेली एक खिडकी चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक करा. सोय म्हणून नको, म्हाताऱ्या-कोताऱ्यांवर उपकार म्हणून तर अजिबात नको.

लगेच कोणीतरी म्हणेल की झालं, ह्यांना परत तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या आहेत. नाही हो. त्या पायऱ्या ज्याने झिजवल्या त्यालाच विचारा. सातबारा पाहिजे तर अप्पा आज सज्जावर नाहीत, तहसीलला मीटिंगला गेलेत, उद्या या, उद्या गेलं की दप्तर दुसऱ्या गावात, आणि दप्तर सापडलं की चहापाण्याचं बघा. आज १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा हातात येतो, बँक तो घेते, कोणापुढे हात जोडायचं काम नाही. ह्याला वाईट म्हणणारा माणूस एकतर शेतकरी नाही किंवा त्याचा कोणीतरी नातेवाईक तलाठी आहे. आणि रेल्वेचं बघा. ऑनलाइन तिकीट २००२ ला सुरू झालं, तेव्हाची गंमत म्हणजे बुकिंग नेटवर करायचं आणि तिकीट कुरिअरने घरी यायचं, घरी छापायचं ई-तिकीट २००५ ला आलं. आता बहुतेक लोक मोबाईलवरच काढतात. पण म्हणून भुसावळ जंक्शनची आरक्षण खिडकी काही बंद झाली नाही. दोरीला बांधलेलं पेन, फॉर्म, रांग, सगळं आहे अजून, आणि ज्याला मोबाईल जमत नाही तो फॉर्म भरून तिकीट घेतो. खिडकीतला माणूसही कॉम्प्युटरवरच काम करतो ना, त्याच सिस्टिममध्ये, त्याच सीटांवर. म्हणजे खिडकी ठेवली म्हणून काही आपण मागच्या शतकात गेलो नाही.

आणि खरं सांगू का, हा धडा इंटरनेट बनवणाऱ्यांनी आपल्या कितीतरी आधी गिरवलेला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेत पॉल बॅरन म्हणून इंजिनिअर होता, त्याच्यापुढे प्रश्न असा होता की टेलिफोनचं सगळं काम मधल्या एक्स्चेंजवर चालतं, ते एक्स्चेंज उडालं तर अख्खा देश मुका होईल, मग करायचं काय. त्याने सांगितलं की मध्यभागच ठेवू नका, जाळं विणा, निरोपाचे तुकडे करा आणि एक वाट बंद असली तर तुकड्याला दुसऱ्या वाटेने जाऊ द्या. पावसाळ्यात पुलावरून पाणी चाललं असलं की एसटी वळसा घालून जाते, तसंच. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे ह्याच कल्पनेवर काम करत होता. मग २९ ऑक्टोबर १९६९ ला ह्याच कल्पनेवर उभारलेल्या अर्पानेट नावाच्या नेटवर्कवर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला पहिला निरोप गेला, शब्द होता लॉगिन, त्यातली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची सिस्टिम बसली. म्हणजे पहिल्याच दिवशी सर्व्हर डाऊन, आपली परंपरा जुनी आहे! पण त्यांनी तासाभरात परत पाठवलं आणि तो पोचला.

पुढे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान ह्यांनी जे नियम मांडले, ज्यांच्यावर १ जानेवारी १९८३ पासून ते सगळं नेटवर्क गेलं आणि आजचं इंटरनेटही चालतं, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. पाठवणारा मशीन पाठवून मोकळा होत नाही, पलीकडून पोच आली का बघतो. पोच नाही आली तर परत पाठवतो. न मिळालेल्या तुकड्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. आता ह्याच नियमांवर चालणाऱ्या नेटवर आपण जी पोर्टलं बांधली त्यांचा कारभार बघा. एकच वाट, ती बंद तर काम बंद, आणि फॉर्म पोचला नाही तर चूक तुमची. तारा आणि मशीनसाठी जेवढा विचार झाला तेवढा माणसासाठी का झाला नाही, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने चार महानगरांत सुरू केलं, फोनच्या वायरवरून, मोडेमचा तो किरकिर आवाज, विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खातं होतं त्यात चित्रच दिसायची नाहीत, नुसती अक्षरं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग हळूहळू जळगाव-धुळ्यासारख्या गावांत प्लायवूडचे खोपे करून सायबर कॅफे निघाले. बारावीचा निकाल लागला की तिथे ही गर्दी, एक जण नंबर टाकतोय आणि मागे दहा जण मान वर करून बघतायत. पण त्या गर्दीतही कोणाच्या पोटात गोळा यायचा तो मार्कांचा, कॅफेचा नाही, कारण नेटवर नाही दिसला निकाल तरी शाळेत गुणपत्रिका मिळणारच होती. नेट म्हणजे लवकर कळायची सोय. नंतर २०१६ साल आलं, एप्रिलमध्ये यूपीआय, ५ सप्टेंबरला जिओ, ८ नोव्हेंबरला नोटबंदी, आणि एका वर्षात चित्र पालटलं. डेटा फुकट, रोकड गायब, हातात फोन. माझा अंदाज असा की सोयीची सक्ती व्हायला सुरुवात तिथून झाली, कोणी एका दिवशी ठरवून केली असं नाही, पण प्रत्येक खात्याला वाटलं की आता सगळ्यांकडे मोबाईल आहे म्हणजे झालं.

सगळ्यांकडे मोबाईल आहे, हे वाक्य जरा तपासून बघू. बसस्टँडजवळ सेवा केंद्र असतं, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि एका कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. अशाच एका केंद्रात कुठल्याशा योजनेची केवायसी चालू होती. एक मावशी आली, केळीच्या बागेत कामाला जाणारी असणार, कारण केळीच्या चिकाचे काळे डाग बोटांवर पक्के बसलेले. कॅरीबॅगमध्ये घडी घालून ठेवलेले कागद, आधार, पासबुक, रेशनकार्ड, सगळं नीट. पोरगा म्हणाला, मावशी ओटीपी सांगा. ती म्हणे, "मोबाईल पोऱ्याकडे शे, पोऱ्या सुरतले शे." फोन लावला. पोऱ्या लूमवर, त्या आवाजात त्याला काही ऐकू येईना, शेवटी त्याने बाहेर येऊन आकडे सांगितले तोवर वेळ संपलेली. परत पाठवला. ह्या वेळी आकडे बसले, तर पुढच्या पानावर नवऱ्याचा आधार नंबर आणि त्याचा ओटीपी. नवऱ्याच्या आधारला जो नंबर जोडलाय ते सिम कधीचं बंद. पोरगा तिला सांगत होता की आधी काकांचा नंबर अपडेट करा, त्याला तालुक्याच्या आधार केंद्रावर जावं लागेल, काकांना घेऊन. मावशीने कागद परत घडी घालून ठेवले. त्या दिवसाची मजुरी गेली, काकांची अजून जायची आहे.

ह्यात त्या पोराचा काही दोष नाही, उलट तो चांगला वागत होता. दोष मांडणीचा आहे. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीतही हेच, सप्टेंबर २०२५ ला आदेश निघाला, बाईच्या स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला, आणि मुदत वाढवत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. तुम्हीच सांगा, बाईच्या हक्काचे पैसे आणि त्याची किल्ली नवऱ्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये, ही कल्पना ज्या टेबलावर सुचली तिथे एकाने तरी विचारलं असेल का की नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये असेल तर? की नवरा हयात नसेल तर? आणि सिमचं तर वेगळंच आहे, रिचार्ज नाही केलं की काही महिन्यांत नंबर जातो आणि कंपनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला देऊन टाकते, मग तुमच्या आधारचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत बसतो. रेशन दुकानावर ओटीपी नाही तर अंगठा. कापूस वेचून, चीक लागून, धुणंभांडी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांनी अंगठा कपाळावर घासायचा, केसांवरून फिरवायचा, फडक्याने पुसायचा आणि परत मशीनवर ठेवायचा. गरज जास्त त्याच्याच रेषा जास्त झिजलेल्या, हे सांगायला काही कमिटी बसवायची गरज नाही.

शेतकऱ्याचं तर एकावर एक चढलंय. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढा, तो सातबाऱ्याला लागतो. नंतर १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक. त्याच वर्षी कापूस महामंडळाने, आपण सीसीआय म्हणतो ते, कपास किसान नावाचं ॲप आणलं, हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग गाडी केंद्रावर. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल होता. आता सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसली तर पुढे अडतं, आणि कुठेही अडलं की माणूस जातो खेडा खरेदीवाल्याकडे, तो म्हणेल तो भाव. म्हणजे ॲप न जमण्याची किंमत क्विंटलमागे मोजली जाते, आणि ती यावल-रावेरच्या मोठ्या बागायतदाराला नाही मोजावी लागत, त्याच्याकडे इंजिनिअर पोरगा आहे. मोजतो तो दोन एकर कोरडवाहूवाला. ई-पीक पाहणीच्या बाबतीत एक गोष्ट बरी केली हे मान्य करतो, शेतकऱ्याकडून राहिली तर सहायकाने जाऊन करायची सोय ठेवली. तो सहायक बांधावर किती पोचतो हा वेगळा विषय, पण निदान दुसरी वाट कागदावर आहे. बाकी ठिकाणी तीही नाही.

ह्यावर तीन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, खिडकी म्हणजे लाच. थोडं खरं आहे, पण लाच खिडकीमुळे नव्हती, फाईल कधी हलवायची हे साहेबाच्या मर्जीवर होतं म्हणून होती. सिस्टिम तीच ठेवा, क्रमांक तोच, तारीख तीच, फक्त टाईप करायला आणि ओळख पटवायला माणूस द्या, मर्जीचा प्रश्नच येत नाही. शिवाय दलाल गेला असं तुम्हाला वाटतं का? आधी तो तहसीलच्या बाहेर वडाखाली बसायचा, त्याला तुमचं फक्त काम माहीत असायचं. आता त्याच्याकडे तुमचं आधार, बँक पासबुक, मोबाईल आणि आलेला ओटीपी, सगळंच.

दुसरं, काळ बदलतो, जुनं जाणारच, तारसुद्धा बंद झालीच की. झाली, जुलै २०१३ मध्ये, आणि कोणाचं काही अडलं नाही, कारण फोन गावोगाव पोचून बरीच वर्षं झाली होती आणि मुख्य म्हणजे तार आली नाही म्हणून कोणाचं रेशन थांबणार नव्हतं. लोकांनी सोडलेली गोष्ट बंद करणं वेगळं आणि लोक रांगेत उभे असताना शटर ओढणं वेगळं.

तिसरं उत्तर खर्चाचं. माणूस बसवला की पगार आला. बरोबर, पण मग हेही सांगा की वाचलेला खर्च गेला कुठे, तो आपल्याच खिशात हात घालून काढलाय. प्रत्येक फॉर्ममागे केंद्रावर पन्नास-शंभर, येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली रोजंदारी. सरकारच्या वहीत ही बचत दिसते आणि आमच्या घरात ती उधारी दिसते. आणि माणूस नवीन कशाला बसवायचाय, ग्रामपंचायत आहे, पोस्ट आहे. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली, पोस्टमन फोन आणि अंगठ्याचं मशीन घेऊन दारात येतो आणि पैसे देतो. मागे सगळं ऑनलाइन, पुढे ओळखीचा माणूस. तोच पोस्टमन गावात कोण कोणाची सून आणि कोण वारलं हे कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं जाणतो!

आता कायद्याचं बघू, कारण नुसती कळकळ ऐकून कोणी काही करत नाही. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आणि तो खरंच चांगला आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण ह्या कायद्याचं घड्याळ चालू होतं अर्ज दाखल झाल्यावर. पोर्टलवर चाक फिरत राहिलं, ओटीपी आलाच नाही, पान कोरं झालं, तर कायद्याच्या नजरेत अर्ज झालेलाच नाही. अर्ज नाही तर नकार नाही, नकार नाही तर अपील कशाचं करणार? पूर्वी बाबूने कागद घेतला नाही तर निदान बाबूचं नाव घेऊन भांडता यायचं, रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती ठेवता यायची. एरर आलेल्या पानाची पोच कोण देणार? मला वाटतं ऑनलाइन कारभारातली सगळ्यात मोठी गडबड हीच आहे आणि तिच्यावर बोललं सगळ्यात कमी जातं. नाकारलेला माणूस आकडेवारीत दिसतच नाही, आकडेवारीत फक्त आत पोचलेले दिसतात, मग साहेब सांगतात की तक्रारी फार कमी आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात आलंय की प्रमाणीकरण फसलं म्हणून हक्काचा लाभ अडवू नये, ओळख दुसऱ्या मार्गाने पटवावी. मग ३० एप्रिल २०२५ ला ॲसिड हल्ला झालेल्या आणि डोळ्यांनी दिसत नसलेल्या लोकांच्या केसमध्ये न्यायालयाने अजून पुढचं सांगितलं. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात, ज्याला ते करताच येत नाही त्याने काय करायचं हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा भाग आहे आणि केवायसीला पर्यायी मार्ग द्या. डोळे मिचकावता येत नाहीत आणि अंगठा उठत नाही, ह्यात कायद्याने फार फरक करू नये असं मला वाटतं.

बाहेरचं एक उदाहरण देतो. वर्ल्ड वाइड वेब जन्मलं ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. त्याच जिनिव्हा प्रांतातल्या मतदारांनी १८ जून २०२३ ला ९४ टक्के मतांनी आपल्या राज्यघटनेत डिजिटल हक्कांचं कलम घातलं आणि त्यात ऑफलाइन जगण्याचा हक्क स्पष्ट लिहिला. ज्या गावाच्या अंगणात वेब वाढलं ते गाव म्हणतं की नेटशिवायही माणसाचं काम झालं पाहिजे, आणि आपल्याकडे तोरणमाळला रेंज शोधत फिरणाऱ्याला आपण म्हणतो की डिजिटल साक्षर व्हा.

साक्षर व्हायलाच पाहिजे, त्याला ना नाही. पण हक्क आधी साक्षर होऊन मिळवायचा नसतो. मतदान अंगठा लावूनही करता येतंच ना, आणि तिथे ओळख पटली नाही असं मशीन कधी म्हणत नाही, समोर बसलेला माणूस यादीत नाव बघतो.

म्हणून मागणी नेमकी काय करायची तर लोकसेवा हक्क कायद्यातच दुरुस्ती करून घ्यायची. कोणताही अर्ज कागदावर घेणं ग्रामपंचायतीला बंधनकारक, आणि कागद दिला त्या तारखेपासून मुदत मोजायची, तो पोर्टलवर चढवायचं काम त्यांचं. पोर्टल बंद असेल तेवढे दिवस शेवटच्या तारखेत आपोआप वाढले पाहिजेत, त्यासाठी कोणा मंत्र्याने ट्विट करायची वाट बघायला नको. ओटीपी आला नाही किंवा अंगठा उठला नाही तर त्याची लेखी पोच द्यायची, आणि ती पोच म्हणजे नकार धरून तिच्यावर अपील करता आलं पाहिजे. हे मुंबईत व्हायचं तेव्हा होईल, पण ग्रामसभा तर आपल्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून एवढाच ठराव मांडा की आपल्या रेशन दुकानात आणि पंचायतीत ज्यांचा अंगठा किंवा ओटीपी चालला नाही त्यांची तारखेनिशी वही ठेवायची आणि ती दर महिन्याला तहसीलदाराकडे पाठवून तिची पोच आणायची. सरपंच म्हणतील की असा काही जीआर नाही. त्यांना सांगा, वही ठेवू नका असाही कुठे जीआर नाही.